पाहुण्याला शिळं वाढायचं नाही

बिडकीनच्या एका शाळेत, शेख मॅडमच्या मराठीच्या तासाला, दोन शब्द लिहायला सक्त मनाई होती: 'असे म्हणतात.' कुणी चुकून लिहिलेच, तर मॅडम वहीच्या कडेला तांबड्या पेनाने विचारायच्या, 'कोण म्हणतं?' आणि त्या पोराला दुसऱ्या दिवशी नावगावासकट माणूस हजर करावा लागायचा. आता 'असे म्हणतात की वाचनाने माणूस घडतो' हे नेमकं कोण म्हणतं, ते बिडकीनच्या बाजारात कुणाला विचारणार? पोरं डोकं खाजवायची, चिडायची, आणि शेवटी ते वाक्य खोडून आपल्या गल्लीतल्या कुणा वाचणाऱ्या माणसाबद्दल लिहायची. मॅडमना तेवढंच हवं असायचं.

मॅडमचं पूर्ण नाव गुलशन फारूख शेख. राहायला शहरात, रोशन गेटच्या मागच्या गल्लीत. नोकरी बिडकीनला, म्हणून रोज सकाळी पैठण रस्त्याची बस. अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरची झोप पहिल्या हाकेला उडावी. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. 'मराठी शिकवायला शेख बाई?' हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा ऐकला होता, की आता तो विचारणाऱ्याचं तोंड बघूनच त्यांना ओळखू यायचा. पहिल्यांदा तो नोकरीच्या मुलाखतीत आला होता. संस्थेचे एक सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही उर्दू शाळेत अर्ज करायला हवा होता." गुलशन तेव्हा नुकती बी.एड. झालेली, हात घामेजलेले. तरी म्हणाली, "मला मराठी येत नाही असं तुमचं म्हणणं असेल सर, तर मराठीतला प्रश्न विचारून बघा. येते असं असेल, तर उर्दूचा विषय कशाला निघाला?" नोकरी मिळाली. 'तोंडाळ बाई' ही पदवीही त्याच दिवशी मिळाली, आणि ती त्यांनी पुढे कधी परत केली नाही.

हे वळण बापाचं. फारूखभाईंचं शहागंजात मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान होतं. पाण्याची मोटार भरून नेलेलं गिऱ्हाईक महिन्याभरात तणतणत परत यायचं, मोटार जळाली, तुमचं काम कच्चं. फारूखभाई आवाज चढवायचे नाहीत. मोटार उघडायचे, जळकी तार काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पैले देखो मियाँ, फिर बोलो." तारेवरून कळायचं की विजेचा दाब कमीजास्त झालाय की यांचाच हात चुकलाय. हात चुकलेला असला तर तेही गिऱ्हाइकाला दाखवायचे, "ये देखो, गलती मेरीच है," आणि मोटार पुन्हा भरून द्यायचे. गुलशन तिथेच स्टुलावर बसून शाळेचा अभ्यास करायची. वाद कसा घालावा हे ती कुठल्या पुस्तकात शिकली नाही, त्या काउंटरवर शिकली.

शाळेत मात्र निबंधाचं राज्य बद्रीनाथ सरांचं. बद्रीनाथ सर मुख्याध्यापक, आणि त्याआधी मराठीचेच शिक्षक. त्यांच्या निबंधांच्या झेरॉक्स थोरल्या भावाकडून धाकट्याकडे जायच्या. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' तर इतकं पाठ, की वर्गातली सगळी फाटकी पुस्तकं एकाच रद्दीवाल्याकडे एकाच वेळी रडायची. मार्कही पडायचे, नाही असं नाही. शेख मॅडमनी आठवीपासून दहावीपर्यंतचा तास हातात येताच ती झेरॉक्स बंद केली आणि फळ्यावर चार शब्द लिहिले: म्हणणं, पुरावा, पाहुणा, उत्तर.

"पहिल्या वाक्यात आपलं म्हणणं सांगायचं. गोल गोल फिरायचं नाही. मग पुरावा द्यायचा. डोळ्यांनी बघितलेला, कानांनी ऐकलेला, नाहीतर कुणी सांगितला असेल तर त्याचं नाव घालायचं. मग पाहुणा."

"पाहुणा कोण, मॅडम?"

"जो आपल्या विरुद्ध बोलतो तो. त्याला परिच्छेदात बोलवायचं, बसवायचं आणि वाढायचं. आणि घरी आलेल्याला आपण शिळं वाढतो का? ताजं वाढायचं. म्हणजे त्याचं म्हणणं असं लिहायचं, की त्याने स्वतः वाचलं तरी म्हणावं, 'व्हय, हेच म्हणायचं होतं मला.' तो तसं म्हणाला नाही, तर तुमचं पुढचं उत्तर फुकट गेलं. कळलं?"

कळलं. नको तितकं कळलं. महिन्याभरात पोरांनी गाव भंडावून सोडलं. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्या बन्सीने सवयीने आरोळी ठोकली, "जिल्ह्यात असली भजी नाय!" तर दहावीची तीन पोरं समोर उभी, "काका, कुठंकुठं खाऊन बघितली तुम्ही?" घरोघरी आज्या वैतागल्या. मांजर आडवं गेलं म्हणून थांबा म्हटलं, की नातवंडं 'कोण म्हणतं' विचारायची. पालक शाळेत येऊन म्हणायला लागले, पोरं उलट बोलतात. गंमत अशी, की तक्रार पोरांची असली तरी आवाज चढायचा तो पोरींच्या नावाने. पोराने विचारलं तर हुशार, पोरीने विचारलं तर उलट बोलते. हे शेख मॅडमना दिसत होतं, आणि दिसलं की त्यांच्या कानशिलाची शीर ताडताड उडायची.

अशात त्यांनी दहावीला विषय दिला: घरातला मला न पटलेला एक निर्णय.

श्रेया ही वर्गातली गप्प मुलगी. वडील सोमनाथ, थोरला भाऊ शिवराज. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तसे सोमनाथ तिथल्याच एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर झाले. ग्रामसभेत उभे राहिले की खाली बसवायला दोन माणसं लागायची, असा बोलका माणूस. श्रेयाला दहावीनंतर शहरात जाऊन सायन्सला शिकायचं होतं. दिवाळीच्या आधी घरात त्याचीच बोलणी चालली होती, आणि दिवाळीनंतर सोमनाथने एका रात्री जेवताना सांगून टाकलं, "शहरात जायचं नाय. हितंच काय शिकायचं ते शीक." का, ते सांगितलं नाही. श्रेयाने लिहिलं ते हेच. म्हणणं स्वच्छ होतं, मला शहरात शिकू द्यावं. पुरावे होते, विज्ञानातले मार्क, विज्ञानाच्या बाईंचा शेरा, कॉलेजातली प्रयोगशाळा. आणि पाहुण्याच्या जागी लिहिलं होतं, 'अण्णांचे म्हणणे आहे की मुलीची जात आहे, लोक काय म्हणतील.' मग त्या लोकांचा असा काही समाचार घेतला होता, की वाचताना शेख मॅडमचं रक्त उसळलं. त्यांनी खाली तांबड्या पेनाने पैकीच्या पैकी मार्क दिले आणि वर 'शाब्बास' लिहिलं. शाब्बास हा शब्द त्या वर्षातून एखाद्या वेळीच खर्च करायच्या.

ती शाब्बासकी घरच्यांना दाखवायचा मोह श्रेयाला आवरला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी सोमनाथ वही घेऊन शाळेत आला.

मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, सरांनी बोलावलंय. मुख्याध्यापकांच्या खोलीत सोमनाथ खुर्चीच्या टोकावर बसलेला, गेटवरचा गणवेश तसाच अंगावर. कोपऱ्यात श्रेया मान खाली घालून उभी. बद्रीनाथ सरांनी टेबलावरून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"शेख मॅडम, विषय वाढवायचा नाही. हा माफीनामा तयार केलाय. सही करा. नाही केलीत तर पुढच्या वर्षी दहावीचं मराठी दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. संस्थेचाही तोच विचार आहे."

मॅडमनी कागद वाचला. पहिलंच वाक्य होतं, 'गावात असे बोलले जाते की माझ्या शिकवण्यामुळे मुली वडीलधाऱ्यांना उलट उत्तरे देऊ लागल्या आहेत.' त्यांनी तांबड्या पेनाचं टोपण काढलं. सरांना वाटलं, झालं, करतेय सही. मॅडमनी 'असे बोलले जाते' भोवती गोल काढला, कडेला दोन शब्द लिहिले आणि कागद परत सरकवला. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मुलींना वाद घालायला शिकवलं म्हणून मी माफी मागणार नाही सर. दहावी काढून घ्यायची तर घ्या. पाचवीला शिकवीन. पाचवीलाही हेच शिकवीन."

"बघा! बघा, मी काय सांगत होतो?" बद्रीनाथ सर सोमनाथकडे वळले.

पण सोमनाथचं सरांकडे लक्ष नव्हतं. त्याने वही उघडून बोट टेकवलं. "मॅडम, मी गरम डोक्याचा हाय, पण अडाणी नाय. पोरगी माझ्याविरुद्ध लिव्हते तर लिवू द्या. पण हे काय लिव्हलंय? लोक काय म्हणतील? हे मी कधी म्हणलो? तिला विचारा. माझ्या तोंडात हा शब्द आला का एकदा तरी? आन् तुम्ही त्याला शाब्बास म्हणता?"

शेख मॅडम श्रेयाकडे वळल्या. "असं म्हणाले होते अण्णा?"

श्रेयाने मान हलवली. नाही. "ते काहीच म्हणले नाहीत, मॅडम. मला वाटलं, तेच असणार. सगळ्यांचे वडील तेच म्हणतात."

शेख मॅडमना कानाखाली बसल्यासारखं झालं. गेले कित्येक महिने त्या पोरांना घसा फोडून सांगत होत्या, पाहुण्याला शिळं वाढू नका, आणि इथे तर जन्मदात्या बापालाच दुसऱ्यांच्या घरचं शिळं वाढलं होतं, आणि त्यावर मॅडमनी शाब्बास लिहिलं होतं. का? तर ते वाक्य त्यांनाही ओळखीचं वाटलं, म्हणून. शेख बाई मराठी काय शिकवणार, असं माणूस न बघताच ठरवणाऱ्यांचा त्यांना जन्मभर संताप आलेला, आणि त्यांनी तरी वेगळं काय केलं होतं? त्यांना वडिलांची जळकी तार आठवली. त्यांनी वही ओढून घेतली, शाब्बास खोडलं, मार्क खोडले.

"सोमनाथभाऊ, हा परिच्छेद कच्चा आहे. चूक तिचीही आहे आणि माझी जास्त आहे. पण माफीनाम्यावर सही करणार नाही, कारण तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. हा परिच्छेद परत लिहायचा. आत्ता, इथेच. तुमचं म्हणणं तुम्ही सांगा, ती लिहील."

"मॅडम, ही काय शाळा आहे का?" बद्रीनाथ सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाले.

सोमनाथने एकदा पोरीकडे बघितलं. श्रेया टेबलाशी येऊन बसली, पेन उघडलं. ग्रामसभा गाजवणारा माणूस, पण त्याला सुरुवात सापडेना. शेवटी म्हणाला, "लिव्ह. माझं म्हणणं, रस्ता वाईट हाय."

"पुरावा, अण्णा?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

सोमनाथ चिडला नाही. खिडकीकडे बघत बोलायला लागला. "दिवाळीच्या तोंडाशी, गेटवर होतो मी. कंटेनर वळत होता. एक पोरगी स्कुटीवर. तुझ्याएवढीच. पाठीला दप्तर. मीच पळालो, मीच उचललं तिला. गाडीत घालूस्तोवर माझ्या हाताला धरून होती. काका, आईला फोन करा म्हणायली." तो थांबला. "घरी आलो तव्हा सदऱ्याला काय लागलंय म्हणून तुझ्या आईनं विचारलं. मी म्हणलो, ऑइल."

श्रेयाचं पेन थांबलं होतं. तिला तो सदरा आठवत होता. आई मोरीवर बसून घासत होती आणि कंपनीच्या ऑइलला शिव्या घालत होती.

"जगली का ती?" बद्रीनाथ सरांनीच विचारलं.

"माहीत नाय सर. मी विचारलंच नाय. हिंमत झाली नाय." सोमनाथने तोंडावरून हात फिरवला. "लिव्हलं का? मला पोरीची जात-बीत काय नाय. मला तुझ्या आईला फोन करायची पाळी नको. एवढंच हाय माझं."

श्रेयाने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं झालं, पण तिने एक शब्द गाळला नाही. मग तिने ते उभं राहून वाचून दाखवलं, बापाच्या तोंडावर, पहिल्या ओळीपासून. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "हेच म्हणणं आहे ना, अण्णा?"

"व्हय," सोमनाथ म्हणाला. "हेच."

आता उत्तराची पाळी श्रेयाची होती. असल्या म्हणण्यापुढे कुणाला उत्तर सुचेल? शेख मॅडमच्या जिभेवर मात्र उत्तर आलं होतं. त्या स्वतः रोज त्याच रस्त्याने बसने येत होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर पोरीला धागा मिळाला असता. त्यांनी दात दातावर धरले. बाईने सांगितलेलं उत्तर घेऊन ही मुलगी घरी गेली असती, तर बाप उद्या बाईशी भांडला असता, पोरीशी नाही, आणि तसं त्यांना नको होतं. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली.

श्रेया कागदाकडे बघत सावकाश बोलायला लागली. "अण्णांचा पुरावा खरा आहे. रस्ता वाईट आहे. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा वाईट आहे." मग तिने वर बघितलं. "पण शिवदादा रोज त्याच रस्त्यानं मोटारसायकलवर शहरात कॉलेजला जातो. त्याच गेटवरून. दिवाळीनंतर पण गेला. कंटेनरला काय दिसतं अण्णा, पोरगा चाललाय का पोरगी? रस्त्याचं कारण असेल तर दादाला पण बंद करा. दादाला बंद करणार नसाल, तर मग कारण रस्ता नाही. मग खरं कारण सांगा, मी ते पण लिहून घेते."

हे ती ओरडून बोलली नाही, रडूनही बोलली नाही. सरळ बोलली, डोळ्याला डोळा देऊन. शेख मॅडमच्या अंगावर काटा आला. आजवर त्यांनी कुणाही विद्यार्थ्याकडून याच्याहून खणखणीत चार वाक्यं ऐकली नव्हती.

बद्रीनाथ सर खाकरले. "ऐकलंत ना? याला उलट बोलणं नाही तर काय म्हणायचं? मॅडम, तेवढी सही..."

सोमनाथ उठला. त्याने वहीचं ते पान श्रेयाकडून फाडून घेतलं, चार घड्या घातल्या आणि गणवेशाच्या खिशात ठेवलं. "थांबा सर. माझं उत्तर व्हायचंय अजून," म्हणाला आणि निघून गेला.

पुढचे दोन-तीन दिवस शेख मॅडमना जेवण गोड लागलं नाही. सोमनाथने हा आपला अपमान मानला असता, तर पोरीचं शहर तर सोडाच, दहावीही अवघड होती. फारूखभाई आता थकले होते, दुकान बंद होतं, पण लेकीचं तोंड त्यांना अजून वाचता यायचं. सगळं ऐकून म्हणाले, "तार दिखा दी ना तूने? अब गिऱ्हाईक को सोचने दे." मॅडम म्हणाल्या, अब्बा, मोटार वेगळी आणि माणूस वेगळा. म्हातारा हसला फक्त.

सोमवारी सोमनाथ आला. यावेळी मागे शिवराजही होता. थोबाड फुगून एवढं मोठं, आणि हातात हेल्मेट नुसतंच, गाडी नाही. सोमनाथने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढून शेख मॅडमना दाखवली आणि परत खिशात टाकली.

"मॅडम, तीन रात्री विचार केला. पोरीच्या बोलण्यात फट शोधत होतो. सापडली नाय." मग शिवराजकडे बोट करून म्हणाला, "याची गाडी बंद. आजपासून बसनं. आन् जूनपासून दोघंबी बसनं, संगंच. रस्ता वाईट हाय हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाय. बसथांब्यावर दिवा नाय, त्याचं आता मी बघतो. ग्रामसभेत मांडतो. पोरगी लिवून देणार हाय, पुराव्यासकट."

"लय शिकवा तिला," शिवराज पुटपुटला. "आज गाडी गेली. उद्या घर जाईल."

शेख मॅडमना हसू आवरलं नाही, आणि डोळेही आवरले नाहीत. त्यांनी पदराने पुसून घेतले आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. तेवढ्यात बद्रीनाथ सर व्हरांड्यात आले. हातात तोच टाइप केलेला कागद, नव्याने काढलेला, तांबडा गोल नसलेला.

"सोमनाथराव, तुमचं समाधान झालं, चांगलं झालं. पण तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही. मॅडमनी सही करायलाच पाहिजे. या पोरींना बाईंनी बिघडवलंय असं अख्खं गाव म्हणतंय."

सोमनाथने शेख मॅडमकडे बघितलं. मग त्याने सरांच्या हातातला कागद घेतला, शांतपणे वाचला, आणि ग्रामसभेत काढतो तो आवाज काढून विचारलं,

"कोण म्हणतं, सर? नाव सांगा."